चांद्याच्या भंगारातील टंगस्टन

४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने एक आदेश काढला. टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम आणि इंडियम या पाच धातूंशी संबंधित मालाची निर्यात यापुढे सरकारी परवान्यावाचून करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. अमेरिकेने चिनी मालावर वाढीव जकात बसवली, त्याला दिलेले हे उत्तर होते. दोन बलाढ्यांच्या भांडणातील एक चाल, एवढ्याच नजरेने त्याकडे पाहिले गेले. परंतु वर्ष संपण्यापूर्वीच टंगस्टनचा जागतिक भाव दुपटीच्या वर गेला. हा भाव अमोनियम पॅराटंगस्टेट नावाच्या पांढऱ्या भुकटीवरून ठरतो आणि दहा किलो टंगस्टन ऑक्साइडमागे किती डॉलर, अशा हिशेबाने सांगितला जातो. २०२५च्या आरंभी तो ३४० डॉलरच्या आसपास होता. त्यानंतरची चढण पाहिली म्हणजे बीजिंगमधील एका परिपत्रकाचा हिंगणा, बुटीबोरी किंवा चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीतील लेथशी काय संबंध, हा प्रश्न उरत नाही.

सामान्य मराठी घराला टंगस्टन ठाऊक आहे ते विजेच्या दिव्यातील तारेपुरते. ते दिवे आता घराघरांतून गेले, त्यांच्या जागी एलईडी आले. त्यामुळे या धातूची गरजही संपली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. दिव्याच्या तारेला लागणारे टंगस्टन नेहमीच थोडे होते. या धातूचा मोठा वाटा जातो तो कापण्याच्या, फोडण्याच्या आणि भोक पाडण्याच्या हत्यारांत. गावात बोअरवेलची गाडी येते, तेव्हा काळ्या पाषाणात जे बिट उतरते, त्याच्या तोंडावर बसवलेली वाटोळी बटणे टंगस्टन कार्बाइडची असतात. पोलादाचे बिट त्या बटणांवाचून काही हातांतच बोथट होईल.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे अर्थकारण तर अक्षरशः या बटणांच्या टोकावर उभे आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या बल्लारपूर, चंद्रपूर, माजरी आणि वणी या क्षेत्रांतील कोळशावरचा खडक सुरुंगाने उडवायचा तर आधी त्याला भोके पाडावी लागतात. राजुरा-कोरपना पट्ट्यातील चुनखडी सिमेंट कारखान्यांना पुरवायची तर तेच. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावरील लोहखनिज तर अधिकच टणक. पुढे त्या लोखंडाचे पोलाद झाले, चंद्रपूरच्या फेरोमँगनीजने ते कणखर झाले, की त्याला आकार देण्यासाठी पुन्हा कार्बाइडचेच दात हवेत. आणि भद्रावतीच्या आयुध कारखान्यासारख्या ठिकाणी जो तोफगोळा भरला जातो, त्याचे पोलादी कवचही कोठेतरी कार्बाइडच्या टोकानेच कातलेले असते. रणगाड्याचे चिलखत भेदणारा जो बाणासारखा गोळा तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात तयार होतो, त्याचा गाभाच टंगस्टनच्या जड मिश्रधातूचा आहे.

हिऱ्यासारखा

या धातूचे दोन गुण जगावेगळे. तो वितळतो ३४२२ अंश सेल्सिअसला. सर्व धातूंत हा आकडा सर्वांत मोठा. आणि त्याची घनता जवळजवळ सोन्याइतकी. त्याचा कार्बनशी संयोग झाला की जे कार्बाइड बनते, ते काठिण्यात हिऱ्याच्या खालोखालच्या मोजक्या पदार्थांत मोडते. पण नुसते कार्बाइड ठिसूळ. १९२३मध्ये बर्लिनच्या ओसराम या दिवे बनवणाऱ्या कंपनीत कार्ल श्रोटर यांनी कार्बाइडच्या भुकटीत थोडे कोबाल्ट मिसळून, दाबून, भट्टीत भाजले आणि कठीणपणाला चिवटपणाची जोड दिली. हेतू होता दिव्याची तार ओढण्यासाठी महागड्या हिऱ्याऐवजी दुसरा साचा शोधण्याचा. क्रुप कंपनीने तो शोध घेतला आणि ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांचा तो संक्षेप आहे. आज शंभर वर्षांनीही आपल्याकडचा लेथवाला कोणत्याही कंपनीच्या कार्बाइडला ‘विडिया’च म्हणतो.

त्याने नेमके काय बदलले, हे कारखान्यात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पोलादावर पोलाद चालते तेव्हा हत्याराचे टोक लालबुंद होते. साधे कार्बन पोलाद तेथे मऊ पडते. हायस्पीड स्टील, ज्यात जुन्या प्रमाणानुसार अठरा टक्के टंगस्टन असे, सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकते. विडियाचे टोक त्याच्याही कितीतरी पुढे धार सोडत नाही. म्हणून जे काम हायस्पीडच्या हत्याराने मिनिटाला पंचवीस-तीस मीटर वेगाने व्हायचे, ते कार्बाइडने शे-दीडशे मीटर वेगाने होऊ लागले. एका पाळीत चारपट माल. मँगनीज पोलाद, निकेलचे मिश्रधातू, टायटॅनियम असे हट्टी धातू तर कार्बाइडखेरीज किफायतशीरपणे कापताच येत नाहीत. भाव वाढला म्हणून ते वापरायचे सोडावे, असा पर्याय लेथवाल्यापुढे नाही. जुन्या हत्याराकडे परतणे म्हणजे वेग एक-चतुर्थांश करणे. मोठ्या कारखान्याला वर्षभराचा करार करता येतो. ज्याच्याकडे दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन आहे, तो इन्सर्ट डब्याडब्याने विकत घेतो आणि भाववाढ त्याच दिवशी त्याच्या खिशाला लागते. काम देणाऱ्याशी त्याने दर ठरवलेला असतो तो मात्र सहा महिन्यांपूर्वीचा.

स्वस्ताईची किंमत

जगात वर्षाला टंगस्टनच्या खाणींतून निघणारे धातूचे प्रमाण ८० हजार टनांच्या आसपास आहे. तांबे त्याच काळात दोन कोटी टनांहून अधिक निघते. बाजार एवढा छोटा की लंडनच्या धातुबाजारात त्याचा रोजचा वायदा लागत नाही; व्यापारी पत्रके आठवड्याला जे सौदे नोंदवतात त्यावरून भाव धरतात. आणि या छोट्या बाजारातील सुमारे ८० टक्के उत्पादन एकट्या चीनचे. चीन दरवर्षी खाणींना कोटा ठरवून देतो. २०२५च्या पहिल्या तुकडीत तो ५८ हजार टन होता, आदल्या वर्षीच्या पहिल्या तुकडीपेक्षा ४ हजार टनांनी कमी. खाणीतील कोटा एका हातात, निर्यातीचा परवाना दुसऱ्या हातात. ज्याच्याकडे हे दोन्ही आहे त्याला दर ठरवण्यासाठी वेगळी बैठक बोलवावी लागत नाही.

हे एका दिवसात घडले नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना टंगस्टनचे महत्त्व उशिरा कळले आणि त्यांनी तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग असलेल्या ब्रह्मदेशात, टव्हॉयच्या डोंगरांत, खाणी वेगाने वाढवल्या. त्या काळात ब्रह्मदेश जगातील आघाडीचा उत्पादक बनला. राजस्थानात नागौर जिल्ह्यातील डेगाण्याची रेवत टेकडीही त्याच सुमारास खणली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगालच्या सालाझार यांनी याच खनिजाच्या जोरावर दोन्ही बाजूंशी सौदेबाजी केली आणि जून १९४४पर्यंत जर्मनीला माल दिला. म्हणजे युद्ध लढणाऱ्यांना या धातूची किंमत पूर्वीपासून कळत होती. शांततेच्या काळात मात्र ती विसरली गेली.

१९८० आणि १९९०च्या दशकांत चिनी टंगस्टन जगाच्या बाजारात इतक्या स्वस्त दराने आले की दुसऱ्यांच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. डेगाण्याची खाण १९९०च्या दशकाच्या आरंभी बंद झाली. कोरियातील सांगडाँग ही एके काळी जगातील मोठ्या टंगस्टन खाणींपैकी एक. तिला १९९४मध्ये कुलूप लागले. आपल्याकडे त्या वेळी आयात शिथिल होत होती, बाहेरचा माल स्वस्त पडत होता आणि स्वस्त ते घेणे हेच शहाणपण, असे मानण्याचा तो काळ होता. डेगाण्याच्या बंद होण्याने कोणाची झोप उडाली, असे दिसत नाही. आज देशात टंगस्टनची एकही चालू खाण नाही.

सांगडाँग आणि डेगाणा जवळपास एकाच कारणाने मेल्या. त्यातील एक पुन्हा जिवंत झाली, ती कशी, हे येथे पाहण्याजोगे आहे. अल्मॉण्टी या कंपनीने सांगडाँग पुन्हा उघडण्याचे ठरवले, तेव्हा तिने आधी खनिज काढून मग गिऱ्हाईक शोधले नाही. अमेरिकेतील प्रक्रिया कारखान्याशी तिने पंधरा वर्षांचा करार केला. त्यात भावाची एक तळाची पातळी ठरवलेली आहे. बाजार त्याच्या खाली कोसळला तरी खाणीला तो दर मिळणार. त्या कराराच्या बळावर जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने कर्ज दिले आणि डिसेंबर २०२५मध्ये खनिज पुन्हा वर आले. ‘चीन उद्या भाव पाडेल आणि तुमची खाण बुडेल’ ही जी भीती प्रत्येक सावकाराच्या मनात असते, तिचे उत्तर भाषणात नसते, करारातील एका कलमात असते.

भारत सरकारने जून २०२३मध्ये ज्या ३० खनिजांना अतिमहत्त्वाची म्हणून घोषित केले, त्यांत टंगस्टन आहे. त्याच वर्षी कायदा बदलून अशा खनिजांच्या पट्ट्यांचा लिलाव केंद्राने आपल्या हाती घेतला. २९ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंत्रिमंडळाने संमती दिली. त्यात सरकारचा खर्च १६,३०० कोटी रुपयांचा आणि सार्वजनिक उपक्रमांकडून अपेक्षित गुंतवणूक १८ हजार कोटींची. ही पावले योग्य दिशेची आहेत आणि दोन दशके आधी पडली असती तर अधिक बरे झाले असते. परंतु लिलाव म्हणजे खाण नव्हे, आणि खाण म्हणजे कार्बाइडही नव्हे.

कुहीची माती, लोहाऱ्याचा डोंगर

विदर्भात टंगस्टन आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नागपूर जिल्ह्यातील कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात, साकोली समूहाच्या प्राचीन खडकांत त्याचा शोध घेतला आहे. देशातील एकूण टंगस्टन साठ्यांत कर्नाटक, राजस्थान आणि आंध्र प्रदेश यांच्यामागोमाग महाराष्ट्राचा क्रम लागतो. कुही-भिवापूरच्या पलीकडे लगेच चंद्रपूर जिल्ह्याचे नागभीड-चिमूर सुरू होते. म्हणून चंद्रपुरात टंगस्टनची चर्चा निघाली की पहिले बोट या पट्ट्याकडे वळते: आपल्या दारातच आहे, खणा की!

येथे दोन गोष्टी शांतपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, खनिज फार विरळ आहे. बहुतेक ठिकाणी टंगस्टन ऑक्साइडचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ऑस्ट्रियातील मिटरसिलची खाण अशाच विरळ खनिजावर वर्षानुवर्षे चालली आहे, म्हणजे विरळपणा हा मृत्युदंड नव्हे. पण मिटरसिलच्या मागे तिचा स्वतःचा प्रक्रिया कारखाना आणि हत्यारे बनवणारी मालक कंपनी उभी आहे. खनिज ते भुकटी आणि भुकटी ते इन्सर्ट ही साखळी एकाच घरात आहे. कुहीच्या मागे आज असे घर नाही. दुसरी गोष्ट जंगलाची. २०१२मध्ये घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य कुही, उमरेड आणि भिवापूर या तालुक्यांतूनच पसरले आहे आणि ताडोबा व नागझिरा यांच्यामधला वाघांचा मार्ग त्यातून जातो.

चांद्याला असा अनुभव पूर्वी एकदा आला आहे. १८८२मध्ये जमशेटजी टाटा यांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजाची त्यात मोठी प्रशंसा होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच होता. देशातील पहिला मोठा पोलाद कारखाना चांद्यात व्हावा, हे स्वप्न तेथून सुरू झाले. वरोऱ्याचा कोळसा मात्र पोलादाच्या भट्टीला जुळेना. पुढे १९०४च्या सुमारास सी. एम. वेल्ड या भूशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष जंगल तुडवून पाहिले, तेव्हा समृद्ध म्हणून गाजलेले साठेही मोठ्या कारखान्याला पुरेसे नाहीत, असे निष्पन्न झाले. निराशेच्या त्या क्षणी दोराबजी टाटांना नागपुरात भूगर्भाचा एक रंगीत नकाशा दिसला, त्यावरून शोध दल्ली-राजहऱ्याकडे आणि अखेरीस साकचीकडे वळला. चांद्याचे लोखंड खोटे नव्हते. नुसते खनिज म्हणजे उद्योग नव्हे, एवढेच वेल्ड यांनी वेळेवर सांगितले. कुहीच्या बाबतीत असा सडेतोड अहवाल आधी हवा. नंतरची निराशा महाग पडते.

आणि तोपर्यंत काय? तोपर्यंत जे हाताशी आहे त्याचा हिशेब करावा. कार्बाइडच्या टोकात कोबाल्ट सहा ते दहा टक्के असते, उरलेले कार्बाइड. वजनाने पाहिले तर एक किलो झिजलेल्या इन्सर्टमध्ये सुमारे ८५० ग्रॅम टंगस्टन असते. कुहीसारख्या पट्ट्यातील ०.२ टक्के प्रतीचे एक टन खनिज घेतले तर त्यात ऑक्साइड दोन किलो आणि शुद्ध धातू सुमारे एक किलो ६०० ग्रॅम, तोही प्रक्रियेत काही वाया गेलाच नाही असे धरून. म्हणजे दोन किलो झिजलेली टोके बरोबर एक टन दगड. तो दगड सुरुंग लावून फोडावा लागतो, दळावा लागतो, त्यातील ९९८ किलो गाळ कोठेतरी साठवावा लागतो. दोन किलो टोके टेबलाच्या खणात मावतात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण याहून चपखल कोठे बसावी?

जगात टंगस्टनच्या पुरवठ्यातील सुमारे एक-तृतीयांश वाटा आजच भंगारातून येतो. त्याची एक रीत सोपी आणि सुंदर आहे. बंद भट्टीत झिजलेली टोके आणि जस्त एकत्र सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवतात. वितळलेले जस्त कोबाल्टमध्ये शिरते, टोक आतून फुगते आणि भुसभुशीत होते. मग निर्वात करून जस्ताची वाफ बाहेर काढतात; ते पुन्हा वापरता येते. मागे उरते ती कार्बाइड आणि कोबाल्टची भुकटी, नव्या टोकासाठी तयार. खनिजापासून भुकटीपर्यंत जाण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या मानाने ही फार थोडी. दुसरी रीत रासायनिक आहे. ती मळलेल्या, मिसळलेल्या भंगारालाही चालते, पण तिला मोठा कारखाना लागतो. आणि ही विद्या परदेशातच आहे असे नाही. पुण्याच्या दापोडीत १९६०पासून असलेल्या स्वीडनच्या सँडविक कंपनीचा वापरलेल्या कार्बाइडपासून भुकटी परत मिळवणारा कारखाना आपल्या कोकणात, चिपळूणलाच उभा राहिला. विदेशी कंपनीला महाराष्ट्रातील या मालाची किंमत पूर्वीच कळली होती, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. तिच्या नावाने बोटे मोडण्याचे मात्र कारण नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत अडचण आहे ती गोळा करण्याची. लेथचा इन्सर्ट सुटा असतो, त्याची किंमत भंगारवाल्याला पक्की ठाऊक असते आणि तो किलोवर वेगळा घेतो. खाणीतील बिटाचे तसे नाही. बटणे पोलादात घट्ट बसवलेली, चिखलात माखलेली; झिजलेले बिट अनेकदा लोखंडाच्या ढिगात जाते आणि लोखंडाच्याच भावाने विकले जाते. ते भट्टीत गेले की त्यातले कार्बाइड कायमचे हरवले. कोळशाची क्षेत्रे, चुनखडीच्या खाणी, सुरजागड, आणि गावोगाव फिरणाऱ्या बोअरवेलच्या गाड्या, या सर्वांतून वर्षाकाठी किती कार्बाइड झिजून बाहेर पडते याची एकत्र मोजणी झाली पाहिजे. ती केल्याशिवाय कारखान्याची चर्चा पोकळ ठरेल.

जस्ताची रीत वापरायची तर आणखी एक पथ्य आहे. ज्या प्रतीचे भंगार आत गेले त्याच प्रतीची भुकटी बाहेर येते. खडक फोडणाऱ्या बटणातील कोबाल्टचे प्रमाण आणि पोलाद कातणाऱ्या इन्सर्टमधील इतर कार्बाइडांची भेसळ एकत्र झाली की भुकटी कोणत्याच कामाची राहत नाही. म्हणून वर्गवारी उगमापाशीच व्हायला हवी. हे काम आयटीआय शिकलेल्या तरुणाला सहा महिन्यांत येईल असे आहे आणि भंगाराचा पिढीजात धंदा करणाऱ्याला तर त्याहून लवकर. त्या धंद्यातील माणसाला बाजूला सारून योजना आखली तर ती बुडेल. माल त्याच्या गोदामात आहे आणि नजरही त्याचीच आहे.

पूर्व विदर्भाला याची तयारी नाही असेही नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपूरला. धातूंच्या पुनर्वापरावर काम करणारे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र नागपूरला. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान संस्थेचा धातुशास्त्र विभाग नागपूरला. गडचिरोलीत २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. आणि गिऱ्हाईक दारात. ३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना संमत केली. तिचा रोख ई-कचरा आणि बॅटऱ्यांकडे अधिक आहे, ते समजण्यासारखे आहे. तिच्यात कार्बाइडच्या भंगाराला ठळक जागा मिळवून देणे हे विदर्भातील लोकप्रतिनिधींचे काम. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पाने टंगस्टनसह बारा धातूंच्या भंगारावरील आयात शुल्क काढले. बाहेरचे भंगार आत येण्याची वाट मोकळी झाली, हे चांगले. आतले भंगार किती आणि कोणत्या भावाने बाहेर जाते, त्यावरही तेवढेच लक्ष हवे.

विचारल्याशिवाय

एवढे करूनही गरज संपूर्ण भागणार नाही. वाढत्या उद्योगाला नवा धातू लागतोच, तेव्हा कधीतरी खाणीचा प्रश्न येईल. तो कसा हाताळू नये, याचा धडा तमिळनाडूत मिळाला आहे. मदुराईजवळील नायक्करपट्टीचा टंगस्टन पट्टा नोव्हेंबर २०२४मध्ये लिलावात गेला. त्यात अरिट्टापट्टी हे २०२२मध्ये घोषित झालेले जैवविविधता वारसास्थळ येत होते. तेथे डोंगरात कोरलेले प्राचीन शिवालय आहे, जैन मुनींच्या शय्या आहेत, पाण्याची जुनी तळी आहेत. गावांना हे कळले लिलावानंतर. लोक उठले, विधानसभेने विरोधाचा ठराव केला, हजारो माणसे मदुराईवर चालून आली आणि २३ जानेवारी २०२५ रोजी केंद्राला लिलाव रद्द करावा लागला. टंगस्टनही गेले आणि विश्वासही.

त्यानंतर सप्टेंबर २०२५मध्ये पर्यावरण मंत्रालयाने आण्विक आणि अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. राष्ट्रीय सुरक्षा आणि घाई ही कारणे त्यामागे आहेत आणि ती खोटी नाहीत. पण नायक्करपट्टीचा अर्थ नेमका उलटा निघतो. तेथे सुनावणीमुळे काम अडले नाही, आधी न विचारल्यामुळे अडले. गडचिरोलीच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी सुरजागडला डझनावारी वाहने जाळली. ऑक्टोबर २०२५मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांची दहशत ओसरत असताना ‘सरकार तुम्हाला विचारत नाही’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी खरे ठरता कामा नये. ज्यांनी ते वाक्य बंदुकीच्या जोरावर पसरवले, त्यांना परिपत्रकाचा आधार कशाला द्यायचा?

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११मध्ये आपल्या बांबूच्या विक्रीचा अधिकारही. वनवासी गाव हिशेब ठेवते, ठराव लिहिते, व्यापाऱ्याशी दर ठरवते, हे तेथे सिद्ध झाले. अशा गावाला टंगस्टन काय, ते देशाला का हवे, किती जंगल जाईल, गाळ कोठे ठेवणार आणि खाण संपल्यावर खड्ड्याचे काय करणार, हे सर्व त्याच्या भाषेत सांगता येते. त्याने ‘नाही’ म्हटले तर तेही ऐकून घ्यावे लागेल. सहसा ते ‘असे नाही’ असते. केंद्राने सूट दिली असली तरी राज्याने स्वतःहून ग्रामसभेपुढे जाण्यास कोणताही कायदा आड येत नाही.

खाणीसाठी आधी सांगडाँगसारखा तळाच्या भावाचा करार, गावाची संमती आणि वेल्ड यांच्यासारखा निर्भीड अहवाल, अशा तीन गोष्टी लागतील; त्यांना काही वर्षे जातील. भंगाराला एवढा काळ थांबण्याचे कारण नाही. सार्वजनिक उपक्रमांनी बिट आणि इन्सर्ट विकत घेताना निविदेत एक अट घालावी: जितके नग दिले, झिजल्यावर तितके पुरवठादाराने वजनाने परत घ्यावेत आणि त्यातील कार्बाइडचा दर वेगळा लावावा. खासगी खाणींनी तेच करावे. आणि भांडाराच्या नोंदवहीत आज ‘लोखंडी भंगार’ असा जेथे एकच रकाना आहे, तेथे कार्बाइडचा दुसरा रकाना आखावा. पुनर्वापराची केंद्राची योजना २०३०-३१पर्यंत चालणार आहे. पहिल्या वर्षाची मोजणी हाती असल्याखेरीज चंद्रपूरला तिच्यापुढे काही मांडता येणार नाही.